मुखवटाधारी मल्लांचे मेक्सिकन भयपट

मुखवटा घातलेला व्यावसायिक कुस्तीगीर नायक आणि त्याच्यासमोर व्हँपायर, ममी, झोंबी किंवा माथेफिरू शास्त्रज्ञ, अशी रचना असलेले मेक्सिकन चित्रपट. साधारण 1957 ते 1975 हा त्यांचा बहराचा काळ. चित्रीकरण आणि प्रदर्शन यांत वर्ष-दोन वर्षांचे, क्वचित अधिक अंतर पडल्याने वेगवेगळ्या सूचींत एकाच चित्रपटाची साले वेगळी आढळतात.

उगमाबद्दल एकमत नाही. 1952 साली कुस्तीवरचे चार चित्रपट जवळपास एकाच वेळी हाती घेतले गेले. त्यांपैकी रेने कार्दोनाच्या ‘एल एनमास्कारादो दे प्लाता’ला (रुपेरी मुखवटेवाला) नाव मिळाले ते सान्तो या मल्लाच्या बिरुदावरून, सान्तोने नकार दिल्याने काम मात्र ‘मेदिको आसेसिनो’ या मल्लाने केले. काही अभ्यासक आरंभ इथे मानतात. पण या चौकडीचा भर आखाड्यावर आणि गुन्हेगारीवर आहे. भयपटाची जोड खऱ्या अर्थाने फेर्नांदो मेंदेसच्या ‘लाद्रोन दे कादाबेरेस’मध्ये (प्रेतचोर, 1957) मिळते. त्यात शास्त्रज्ञ गोरिलाचा मेंदू मल्लाच्या कवटीत बसवतो. इथे मल्ल हा सावज आहे, तारणहार नाही. सान्तोचे पहिले दोन चित्रपट 1958 मध्ये क्युबात, क्रांतीच्या ऐन तोंडावर चित्रित होऊन 1961 मध्ये झळकले, पण त्यांत तो दुय्यम भूमिकेत आहे. म्हणून प्रकाराची सुरुवात 1957 आणि त्याचा साचा 1961-62 च्या सुमाराचा धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

साचा पक्का झाला तो आल्फोन्सो कोरोना ब्लाकेच्या ‘सान्तो विरुद्ध व्हँपायर स्त्रिया’ (1962) या चित्रपटात. भर लढतीत प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा निघतो, खाली लांडग्याचे तोंड दिसते आणि तो वटवाघूळ होऊन रिंगणातून उडून जातो. आखाडा आणि स्मशान यांना जोडणारे इतके नेमके दृश्य या प्रकारात दुसरे नाही.

बांधणीतल्या अनेक खटकणाऱ्या गोष्टींची कारणे निर्मितीत आहेत. आमेरिका स्टुडिओतील कामगार संघटनेला पूर्ण लांबीचे चित्रपट करण्याची मुभा नव्हती; त्यामुळे सुमारे अर्ध्या तासाचे तीन भाग मालिका म्हणून काढून नंतर जोडले जात. म्हणूनच अशा चित्रपटांत दर अर्ध्या तासाने कथा संपल्यासारखी वाटते आणि पुन्हा नव्याने सुरू होते. लढती लांबलचक असतात, कारण तीनपैकी दोन डाव जिंकण्याच्या नियमाने एकच सामना बराच वेळ भरून काढतो आणि नवा सेट लागत नाही. शिवाय 1950 च्या दशकात राजधानीत कुस्तीचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण बंद झाल्यावर प्रेक्षकांना ती जवळून दिसे ती पडद्यावरच.

मुखवटा मागून नाडीने आवळलेला असतो. चेहरा झाकलेला असल्याने अवघड दृश्यांत बदली माणूस सहज खपे. सान्तोचा आवाज अनेक चित्रपटांत व्यावसायिक नटांनी दिला आहे. जेवताना तो हनुवटीकडचा भाग मोकळा ठेवलेला वेगळा मुखवटा वापरी. चेहऱ्यावरचे भाव मिळत नसल्याने दिग्दर्शकाची भिस्त देहबोलीवर आणि समोरच्या पात्राच्या भेदरलेल्या नजरेवर असते. जिथे हे साधत नाही तिथे दृश्य ठप्प होते.

सान्तो (रोदोल्फो गुस्मान उएर्ता, 1917–1984) पन्नासहून अधिक चित्रपटांत दिसला. ब्लू डेमन व मिल मास्कारास हे अन्य प्रमुख नायक. तिघे ‘ग्वानाखुआतोच्या ममी’ या चित्रपटात एकत्र आले, पण सान्तो त्यात शेवटाकडे अवतरतो. त्या ममींना वास्तवाचा आधार आहे: ग्वानाखुआतोत थडग्याचा कर थकला की प्रेत उकरले जाई, आणि 1865 पासून अशी वाळलेली प्रेते सापडत गेली. स्त्री मल्लांच्या चित्रपटांत लोरेना वेलास्केस आणि एलिझाबेथ कॅम्पबेल यांची जोडी उल्लेखनीय आहे.

काही चित्रपटांच्या परदेशासाठी नग्नदृश्ये असलेल्या आवृत्त्याही निघाल्या. 1968 च्या सुमारास चित्रित झालेल्या ‘ड्रॅक्युलाचा खजिना’ची तशी रंगीत आवृत्ती ‘एल वाम्पिरो इ एल सेक्सो’ या नावाने ओळखली जाते. मेक्सिकोत दाखवली गेली ती कृष्णधवल आवृत्ती.