उल्हास नदी आणि 'अवजल' : ठाणे जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्याची पार्श्वभूमी

एप्रिल-मे महिन्यांत शहाडच्या बंधाऱ्यापाशी उल्हास नदीत जे पाणी साठलेले दिसते, त्यातले बरेचसे मुळात उल्हासच्या खोऱ्यातले नसते. ते घाटमाथ्यापलीकडून, आंदर मावळातून आलेले असते. उन्हाळी पाणीकपातीच्या प्रत्येक चर्चेत बदलापूरजवळच्या बारवी धरणाचा साठा किती टक्के उरला हे विचारले जाते. मावळातल्या साठ्याचा उल्लेख मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत येतो, तोही आलाच तर. या खोऱ्यातील पाण्याचे राजकारण समजून घ्यायचे तर सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करावी लागते.

आंदर मावळातल्या आंद्रा नदीवरचे ठोकळवाडीचे धरण १९२२ मध्ये पूर्ण झाले. आंद्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. बांध घातला गेला नसता, तर हे पाणी देहू-आळंदीवरून पंढरपूरच्या वाटेने गेले असते. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून ते बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कर्जतजवळच्या भिवपुरीला उतरवले गेले. त्याआधी १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरले होते. त्यानंतर १९२७ मध्ये मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरले, आणि त्यासाठी बुडालेल्या गावांचा सत्याग्रह महाराष्ट्र विसरलेला नाही. या तीन वीजगृहांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे उल्हास, पाताळगंगा आणि कुंडलिका या नद्या बारमाही झाल्या. एरवी कोकणातल्या इतर नद्यांप्रमाणे त्यांचाही प्रवाह उन्हाळ्यात क्षीण झाला असता. वर्तमानपत्रे 'आंध्रा धरण' म्हणतात ते हेच ठोकळवाडी. त्याच नदीवर खाली जलसंपदा खात्याचे आंद्रा नावाचेच आणखी एक धरण आहे, आणि दोघांचे आकडे एकमेकांत मिसळल्याचे अनेकदा वाचायला मिळते.

वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या या पाण्याला शासकीय भाषेत 'अवजल' म्हणतात, आणि माझ्या मते पुढचा सगळा गुंता या एका शब्दात साठलेला आहे. 'अव' या उपसर्गाने त्या पाण्याचे काम झाले, आता जे उरले ते उरले, असे सुचवले जाते. वीज तयार करणाऱ्याच्या दृष्टीने हे खरेही आहे, कारण जनित्र फिरले की त्याच्या हिशेबातले पाणी संपते. परंतु खाली ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि मिरा-भाईंदर ही शहरे वाढत गेली, तसतसे हेच 'उरलेले' पाणी लाखो घरांचा मुख्य पुरवठा होऊन बसले. शब्द मात्र तोच राहिला. जनित्रे विजेची मागणी असेल त्या वेळी चालतात, नळाला पाणी मात्र रोज लागते, आणि या दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न 'अवजल' म्हटल्यामुळे अनेक वर्षे विचारलाच गेला नाही. कोयनेच्या अवजलाबाबत निदान ते पुढे कुठे न्यावे याची जाहीर चर्चा होते. उल्हासचे अवजल गृहीत धरले गेले.

दुसरीकडे, कृष्णा पाणीतंट्याच्या पहिल्या लवादाने या पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्याला मर्यादा घालून मान्यता दिली : एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. लवादापुढे प्रश्न विजेचा होता, पिण्याच्या पाण्याचा नव्हता. त्यामुळे भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की हे पाणी पूर्वेला परत द्यावे ही मागणी पुढे येते, आणि ती अन्याय्य आहे असे म्हणता येत नाही. या वादात कोकणाच्या बाजूला केवळ वीज असल्याचे मानले जाते, नळ मोजले जात नाहीत, इतकेच येथे नोंदवायचे आहे.

बारवीची कथा त्यामानाने सरळ आहे. कारखान्यांसाठी १९७२ च्या सुमारास बांधलेले हे धरण टप्प्याटप्प्याने उंचावत गेले. वाढीव उंचीपर्यंत ते २०१९ मध्ये प्रथम भरले, तेव्हा साठवण २३४ वरून सुमारे ३३९ दशलक्ष घनमीटरांवर गेली. मधली अनेक वर्षे दरवाजे असूनही पूर्ण साठा करता आला नाही, कारण बुडणाऱ्या पाड्यांचे पुनर्वसन झालेले नव्हते. ही दिरंगाई गावकऱ्यांच्या हट्टामुळे झाली असे शहरात सर्रास बोलले गेले. गावकऱ्यांची मागणी घर, मोबदला आणि नोकरी एवढीच होती. २०१५ चा पाऊस कमी पडल्यावर आठवड्यातले काही दिवस पुरवठा पूर्ण बंद ठेवावा लागला. तेव्हा आमच्या ठाण्यातल्या इमारतीत रखवालदार सकाळ-संध्याकाळ टाकीत बांबू सोडून ओल किती वर आली ते पाही आणि खडूने भिंतीवर रेघ ओढी. त्या रेघा रंगकाम होईपर्यंत तशाच होत्या.

नवी मुंबईने धावरी नदीवरचे मोरबे धरण विकत घेऊन आपला मार्ग वेगळा केला, तरी दिघा-ऐरोलीच्या पट्ट्यात बारवीचे पाणी येतच राहिले. ठाण्याला स्वतःचे धरण नाही. भातसेवरची पिसे-टेमघरची योजना, शहाडचा उपसा, औद्योगिक वाहिनी आणि मुंबईकडून मिळणारा वाटा अशा चार ठिकाणांहून शहर पाणी घेते. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, हेही याच चित्रात धरायला हवे.

खोऱ्यातच नवी साठवण करण्याचे प्रयत्न वादात सापडले. मुरबाडमधील काळू धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीवाचून सुरू झाल्याने २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवले. मुख्य उल्हासवरचे कोंढाणे धरणही रखडले. मुख्य नदीवर मोठी साठवण नसल्याने पावसाळ्याचे पाणी अडत नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस याच नदीच्या पुरात अडकली होती. कर्जत तालुक्यातील पोशीर आणि शिलार या प्रकल्पांना २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

तोवर हिशेब जुन्याच पद्धतीने मांडला जातो. पावसाळा संपला की बारवी आणि आंध्रा यांचा साठा एकत्र धरून तो १५ जुलैपर्यंत पुरेल का हे पाहिले जाते, आणि जी तूट निघते तिच्यावरून कोणत्या शहराचा नळ कोणत्या वारी बंद राहील हे ठरते.