नाल्याकाठचं गाव: कसं वसलं, कुठं सरकलं

वर्धेकाठचं कौंडिण्यपूर, वैनगंगेकाठची पवनी, पेंचेकाठी लोखंड गाळणारं नायकुंड. उत्खननामुळे विदर्भातल्या नदीकाठच्या वस्त्यांचा इतिहास हजारो वर्षं मागे नेता येतो. शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या नाल्याकाठच्या गावाचं तसं नाही. त्याचा इतिहास पटवाऱ्याच्या दप्तरात आणि गावाच्या आखणीत शोधावा लागतो.

काळ्या मातीत घर टिकत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत तडकते. म्हणून पीक काळीत आणि वस्ती मुरमाड चढावर, असा हिशेब असे. नाल्याचा काठ त्याला सोयीचा, कारण तिथे मुरूम वर आलेला असतो आणि पाणी हाताशी. पण हे पाणी होळीनंतर आटतं. मग पात्रातल्या रेतीत झिरे खणायचे, वाटीवाटीने गुंड भरायचा. तेव्हा गावाचा कस पावसाळी पुरात नव्हे, वैशाखातल्या झिऱ्यात लागे. झिरा आटला, रोगराई आली किंवा पेंढाऱ्यांची धाड पडली की गाव उठे. महसुली कागदांत अशी कितीतरी ‘रीठ’ गावं सापडतात: सातबारा आहे, वावरं पेरली जातात, घर मात्र एकही नाही.

जे गाव टिकलं त्याची उतरंडही पाण्यानेच दिसते. वरच्या अंगाला पिण्याचा घाट, मग जनावरं, मग धुणं आणि प्रवाहाच्या खालच्या टोकाला महारवाडा. ही मांडणी निसर्गाने केलेली नाही, हे सांगायला नकोच. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर याच खालच्या वस्त्यांत बुद्धविहार उभे राहिले.

वस्ती करणारे अनेक. गोंड, कोलाम आधीचे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात बाहेरून शेतकरी, कारागीर आणून वसवले. नागपूर शहरही त्याचंच. पुढे भोसल्यांच्या राज्यात पाटलांनी कुळं आणून पडीक उठवलं.

खरी फाटाफूट इंग्रजी अमलात झाली, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभारात गेला, पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. वऱ्हाडात रयतवारी आली. शेतकरी आपल्या नावाने सारा भरू लागला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याकडे (आजचं चंद्रपूर) मालगुजारी आली. कालचा वसुली करणारा पाटील गावाचा मालक झाला. वावरच नव्हे; पडीक, झाडं, तळं, नाला, घराची जागासुद्धा त्याच्या हाती. गुरं चारणं, सरपण, पाणी या निस्तार हक्कांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये, म्हणजे गावच्या वहिवाटीच्या कागदात असे, पण मालगुजाराच्या वाड्यापुढे कागद दाखवणार कोण? तरी मालगुजारांच्या नावावर पूर्व विदर्भातले तलावही जमा आहेत, जरी त्यांतले बरेचसे त्याआधीचे. कोहळी समाजाच्या कसबाने नाले अडवून बांधलेले हे तलाव आज ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली.

गावं फुगवली ती कापसाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, भाव चढले. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोचली. हिंगणघाट, खामगाव, अमरावतीच्या बाजारांकडे बैलबंड्या धावू लागल्या, कुरणं मोडून वावरं झाली. नाल्याच्या उताराला धरून असलेलं गवत गेल्यावर माती वाहायला मोकळी झाली. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. मानमोडीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची मनुष्यहानी देशातल्या सर्वात भयंकर हानींपैकी होती.

स्वातंत्र्यानंतर गाव नाल्यापासून सरकलं. विहिरी, मग हातपंप, बोअर, नळयोजना आल्या, झिरे बुजले. रस्ता झाला तिकडे शाळा, ग्रामपंचायत, पानठेला, कृषी केंद्र गेलं. जुना घाट गावाच्या पाठीमागे पडला आणि तिथं उकिरडे साचले. बोअर खोल गेल्या तसे नाले लवकर कोरडे पडू लागले. रोजगार हमीतून बांध घातले, २०१४ नंतर ‘जलयुक्त शिवार’ या सरकारी योजनेत पोकलेनने पात्रं रुंद केली. काही ठिकाणी पाणी थांबलं, काही ठिकाणी रुंद खड्डा तेवढा राहिला. पूर मात्र गेलेला नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेहून अधिक माणसं गेली.

आज काठावर कोण राहतं, तर ज्याला गावठाणात जागा मिळाली नाही तो. भावकीतल्या वाटणीत बाहेर पडलेला, शेतमजूर, पारधी. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या पट्टीवर टिनाचं घर, विजेचं मीटरही असतं. पण जागा नावावर नाही म्हणून घरकुलाची फाईल अडते. तहसीलचा माणूस अतिक्रमण मोजायला येतो आणि पुराचा पंचनामा करायलाही त्याच दारात येतो.