टर्बिडाइट आणि डेब्राइट: एक निवळतं, दुसरं थिजतं

“समुद्राखाली दरड कोसळते, चिखल वाहत जातो आणि त्याचा जो थर साचतो त्याला टर्बिडाइट म्हणतात.” स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये, विज्ञानाच्या लेखांत, इकडून तिकडे फिरणाऱ्या पीडीएफमध्ये हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता गप्प बसवत नाही. दरडीचा चिखल वाहत गेला आणि चिखल म्हणूनच थांबला, तर त्या थराला डेब्राइट म्हणतात. टर्बिडाइट व्हायचं असेल तर त्या चिखलाचं आधी गढूळ पाणी व्हावं लागतं आणि मग ते पाणी निवळावं लागतं. दोन्ही थर समुद्रतळावर सापडतात आणि कित्येकदा एकाच दरडीच्या पोटचे असतात, त्यामुळे गल्लत कशी होते ते कळतं. पण ती पुढे फार महागात पडते.

डेब्राइट तुमच्या ओळखीचं आहे. माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथला दरडीनंतरचा ढिगारा आपण सगळ्यांनी पाहिलाय. ओली माती, लहानमोठे दगड, झाडांची मुळं, घरांची लाकडं, सगळं एकात एक कालवलेलं. सगळ्यात मोठा धोंडा तळाशीच असतो असंही नाही, तो ढिगाऱ्याच्या माथ्यावर असू शकतो. हेच समुद्राखाली घडलं की डेब्राइट. त्यावर याहून जास्त लिहायला नको.

टर्बिडाइटसाठी काचेची बरणी घ्या. तिच्यात नदीकाठची दोन मुठी माती टाका, वर गळ्यापर्यंत पाणी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि ओट्यावर ठेवा. काही सेकंदांत जाड वाळू तळ गाठते. तिच्यावर बारीक वाळू बसते, मग पोयटा. चिकणमाती मात्र तासन् तास पाण्यात लटकून राहते. पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवून पाणी निवळायला ठेवायचे, ते याच चिकणमातीमुळे. सकाळी बरणी बाजूने पाहिली तर तळाशी भरड, मध्ये रवाळ, वर मेणासारखा मऊ थर दिसतो. बोटभर उंचीचं हे टर्बिडाइट.

आता दुसऱ्या बरणीत तीच माती घ्या, पण पाणी अगदी जेमतेम घाला, गिलाव्याचा माल होईल इतकंच. त्यात चार खडे कालवा. बरणी तिरकी केली की तो माल सरकतो, सरळ केली की जागच्या जागी थांबतो. सकाळी पाहा, खडे जिथे होते तिथेच आहेत. काहीही निवळलेलं नाही.

सगळा फरक या दोन बरण्यांत आहे. प्रश्न एकच विचारायचा: वाहताना कण कशाच्या आधाराने वर राहिला होता? गढूळ प्रवाहात त्याला पाण्यातल्या भोवऱ्यांचा आधार असतो. या प्रवाहात गाळाचं प्रमाण कमी असतं, आकारमानाने साधारण दहा टक्क्यांच्या आत. तेवढ्यानेही ते पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जड होतं आणि उतार धरून तळालगत धावतं. वेग कमी झाला की भोवरे मंदावतात, आधी जड कण सुटतो, मग त्याहून हलका, मग त्याहून हलका. थर खालून वर, कणाकणाने रचला जातो. राडारोड्याच्या लोंढ्यात आधार असतो तो चिखलाच्या स्वतःच्या चिवटपणाचा. उताराची ओढ त्या चिवटपणापेक्षा जास्त असेतोवर लोंढा चालतो, ओढ कमी पडली की सगळाच्या सगळा एकदम थिजतो. स्लॅबवर ओतलेलं काँक्रीट पसरत पसरत एका जागी थबकतं आणि त्यातली खडी जशीच्या तशी अडकून राहते, तसं.

म्हणून “खाली जाड, वर बारीक म्हणजे टर्बिडाइट” हा पाठ केलेला नियम मला पुरेसा वाटत नाही. काही डेब्राइटमध्येही सगळ्यात मोठे दगड वरच्या भागात कमी दिसतात आणि माणूस फसतो. मोठ्या दगडांवर नजर ठेवूच नका. दोन दगडांच्या मधली फट पाहा. त्या फटीत खालपासून वरपर्यंत तोच चिकणमातीचा लगदा भरलेला असेल तर थर थिजलेला आहे, वरचे दगड कितीही छान लावल्यासारखे दिसोत. आणि तळाशी फटींत चिखल जवळजवळ नाही, वर जावं तसं दगडही बारीक आणि फटीतलं भरणही बारीक होत जातंय, तर थर निवळलेला आहे. खडकाच्या तुकड्यावर भिंग धरून पाच मिनिटं फक्त फटी पाहिल्या तरी बहुतेक प्रकरणं सुटतात. तरी शंका उरली तर थराची खालची बाजू पाहा. गढूळ प्रवाह खालच्या मऊ चिखलाला ओरबाडत जातो. चमच्याने दही काढल्यावर पडतात तशा खळग्या पडतात आणि वाळू भरून त्यांचे ठसे टिकतात. खळगीचं खोल, बोथट टोक प्रवाह जिकडून आला तिकडे असतं. लाखो वर्षांपूर्वीच्या प्रवाहाची दिशा त्यावरून आजही सांगता येते.

१९६२ मध्ये भूवैज्ञानिक अर्नोल्ड बाउमा यांनी टर्बिडाइटचे खालून वर पाच भाग मांडले: जाड वाळू, सपाट रेषा, लाटेरी रेषा, पुन्हा बारीक सपाट रेषा आणि शेवटी चिखल. विद्यार्थी हे पाचही घोकतात आणि पाचही सापडले नाहीत की गोंधळतात. एका थरात पाचही भाग मिळणं दुर्मीळ आहे. उगमाजवळ खालचे भाग जास्त मिळतात, दूरवर वरचे. उलट चूकही तितकीच होते: खालची जाड, रेषाविरहित वाळू एकटी दिसली तरी तिला डोळे झाकून टर्बिडाइट म्हणायचं. भूवैज्ञानिक गणपती शण्मुगम यांनी १९९०च्या दशकात यावर जोरदार आक्षेप घेतला. टर्बिडाइट म्हणून नोंदवलेले कितीतरी वाळूचे थर प्रत्यक्षात वाळूचे डेब्राइट आहेत, असं त्यांचं म्हणणं. ते काही वेळा टोकाला जातात असं मला वाटतं, पण आधी पुरावा, मग नाव, हा त्यांचा आग्रह शंभर टक्के बरोबर आहे.

रंग, जाडी, समुद्राची खोली यांवरून हे दोन थर वेगळे करता येत नाहीत. तो नाद सोडा.

“दरड कोसळली की लगेच टर्बिडाइट” या समजाला सगळ्यात चांगलं उत्तर १९२९च्या ग्रँड बँक्स भूकंपात आहे. १८ नोव्हेंबरला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ७.२ तीव्रतेचा धक्का बसला. खंडीय उतारावरचा गाळ घसरला, त्याने त्सुनामी उठली आणि २८ माणसं गेली. अटलांटिकच्या तळावरच्या १२ तारायंत्राच्या केबल तुटल्या. केंद्राजवळच्या ताबडतोब तुटल्या, पण उताराखालच्या एकामागून एक, खोल समुद्राच्या दिशेने, क्रमाने. शेवटची तुटली ती १३ तास १७ मिनिटांनी. केबल तुटल्याच्या वेळा तारायंत्र कंपन्यांकडे मिनिटावर नोंदलेल्या होत्या. ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग यांनी १९५२ मध्ये त्या वेळा नकाशावर मांडल्या आणि दाखवलं की एक गढूळ प्रवाह शेकडो किलोमीटर धावत गेला होता. उतारावर त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे होता. म्हणजे एका रात्रीत दोन गोष्टी घडल्या. घसरण झाली, तिने त्सुनामी आणली. घसरलेल्या गाळात पाणी मिसळून त्याचा गढूळ प्रवाह झाला, त्याने दूरच्या केबल तोडल्या आणि सपाट तळावर वाळू-पोयट्याचा निवळलेला थर सोडला. हा दूरचा थर टर्बिडाइट. घसरण जिथे थबकली तिथला ढिगारा टर्बिडाइट नव्हे. थराचं नाव सुरुवात कशी झाली यावरून पडत नाही, त्या ठिकाणी गाळ अखेरीस कसा बसला यावरून पडतं.

दरड नसतानाही टर्बिडाइट होतं, हे तर विसरलंच जातं. जानेवारी २०२० मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेला काँगो नदीच्या सागरी घळीतून, म्हणजे समुद्रतळावरच्या दरीतून, गढूळ प्रवाह १,१०० किलोमीटरहून अधिक धावला आणि त्याने दूरसंचाराच्या केबल तोडल्या. त्यामागे भूकंप नव्हता. काँगोच्या मोठ्या पुराने मुखाशी आणून टाकलेला गाळ होता आणि पुरानंतरच्या उधाणाच्या भरती-ओहोटीने त्याला ढकललं होतं.

नावात काय एवढं, असं विचारणाऱ्यांनी अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे पाहावं. कॅस्केडियाच्या समुद्रात सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या माझामा ज्वालामुखीच्या राखेवर टर्बिडाइट मोजली तर वेगवेगळ्या घळींत १३ मिळतात. दोन घळी एकत्र येतात त्याच्या खालीही १३च, २६ नाहीत. प्रवाह वेगवेगळ्या वेळी आले असते तर संगमाखाली बेरीज झाली असती. म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्या घळी एकदमच हलल्या, आणि एवढा लांब किनारा एकदम हलवतो तो मोठा भूकंप. सगळ्यात वरचा थर २६ जानेवारी १७०० च्या भूकंपाशी जोडतात. त्या भूकंपाच्या त्सुनामीची नोंद जपानात आहे. हा हिशेब पानासारख्या पसरलेल्या, मोजता येणाऱ्या टर्बिडाइटवर उभा आहे. त्यात एखादं डेब्राइट चुकून मोजलं तर आकडा बिघडतो. प्रत्येक टर्बिडाइट म्हणजे भूकंप असं धरलं तरी बिघडतो, काँगोने ते दाखवलंच आहे.

तेल आणि वायूचंही तसंच. निवळलेल्या वाळूत फटी मोकळ्या असतात आणि थर चादरीसारखा दूरवर जातो. चिखलाच्या डेब्राइटमध्ये फटी बुजलेल्या असतात. वाळूचं डेब्राइट वायू साठवू शकतं, पण त्याचा आकार वेगळा असतो आणि पुढची विहीर कुठे खणायची ते आकारावर ठरतं. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या गोदावरीने आणि महाबळेश्वरच्या कृष्णेने भरलेल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातले वाळूचे थर तपासून शण्मुगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यांतले बरेचसे वाळूची डेब्राइट ठरवले.

अरबी समुद्रातलं उदाहरण मला सगळ्यात प्रिय आहे. एप्रिल-मे २०१५ मध्ये जॉइडिस रिझोल्यूशन या जहाजाने लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी तळ खणला. एका ठिकाणी सुमारे ३०० मीटर आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे २०० मीटर जाडीचा घसरणीचा साठा निघाला. त्याला नटराज घसरण म्हणतात. वय सुमारे १ कोटी ८ लाख वर्षं. शांत, म्हणजे भूपट्टांच्या सीमेपासून दूर असलेल्या खंडकिनाऱ्यांवरच्या ज्ञात घसरणींत ही जगात दुसऱ्या क्रमांकाची. तळाशी चुनखडीचे टोकदार तुकडे चिखलाच्या लगद्यात रुतलेले, म्हणजे डेब्राइट. भारताच्या पश्चिमेकडच्या समुद्रबूड जमिनीची बाहेरची कड तुटून ते आले. वर मात्र चिखलाच्या टर्बिडाइटचं राज्य. गाळ मुख्यतः सिंधू नदीने आणलेला, पुन्हा उसवलेला, आणि त्यात नर्मदा-तापीचा आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाचाही वाटा. या गाळात जुन्या काळचे सूक्ष्म जीवाश्मही उसवून आले. घसरण ओळखली नसती तर त्यांच्यावरून थरांची वयंच चुकली असती आणि त्या थरांवरून मांडायचा मान्सूनचा इतिहासही. तळ खणून काढलेल्या गाभ्याच्या एकाच उभ्या नळीत खाली लगद्यात अडकलेले चुनखडीचे तुकडे दिसतात आणि वर तापी-नर्मदेचा अंश घेऊन निवळलेला बारीक गाळ.