एसीचं पाणी की पावसाचं? गाडीतली ओल ओळखायची कशी

डाव्या सीटपुढची मॅट ओली, दार उघडलं की कुबट वास, आणि सोलापूरसारख्या कोरड्या गावात हे पाणी आलं कुठून, हा प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर दोनांपैकी एक असतं. एसीचं पाणी बाहेर जायचं सोडून आत सांडतंय, नाहीतर पावसाचं पाणी बाहेर राहायचं सोडून आत शिरतंय. दोन्ही पाणी जमतं मात्र एकाच जागी, डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखाली. म्हणून गल्लत होते आणि ती खिशाला लागते. एसीचं पाणी बाहेर सोडणारा ड्रेन पाइप तुंबलेला असतो आणि बदललं जातं दारांचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर. काचेखालून पाणी येत असतं आणि पैसे जातात एसीच्या सर्व्हिसवर. कारण न शोधता शाम्पू वॉश करून वर परफ्यूमची बाटली टांगणं तर सगळ्यात वाईट, कारण वास झाकला जातो आणि खालचा पत्रा गंजत राहतो.

आधी एसीचं पाणी. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते ती एसी चालू असताना जेमतेम शून्याच्या वर काही अंशांवर असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच या कॉइलला फुटतो. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि एका बोटभर जाडीच्या रबरी नळीतून गाडीखाली जातं. एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली थेंब थेंब पाणी दिसतं ते हेच. ते दिसलं तर चांगली गोष्ट आहे. काळजी करायची ती दिसत नसेल तर.

आता आपल्याकडची खरी गुंतागुंत. एप्रिलमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की एसी दिवसभर चालतो, पण दुपारची हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी कमी सुटतं. जून ते सप्टेंबर हवेत ओल वाढते आणि तोच एसी त्याच वेळात कितीतरी जास्त पाणी गाळतो. म्हणजे नळी फेब्रुवारीतच तुंबलेली असली तरी मॅट भिजते पावसाळ्यात. सोलापूरचा मोठा पाऊस येतो तोही सप्टेंबरच्या आसपास. एसीचं पाणी आणि आभाळाचं पाणी एकाच हंगामात वाढतं. त्यामुळे ‘पावसाळ्यात ओल आली, म्हणजे पावसाचंच पाणी’ हा तर्क इथं चालत नाही.

नळी तुंबते ती धुळीनं. आपल्या रस्त्यांवरची बारीक माती एसी फिल्टर जुना झाला की कॉइलपर्यंत पोचते, ओल्या कॉइलला चिकटते, तिथून धुऊन ट्रेमध्ये येते आणि नळीच्या तोंडाशी गाळ होऊन बसते. कधी खालच्या तोंडाला कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं असतं. मेकॅनिक गाडी वर घेऊन खालून नळी मोकळी करतो तेव्हा आधी करंगळीएवढा राखाडी चिखलाचा बोळा पडतो आणि मागोमाग भळाभळा स्वच्छ पाणी. एकदा हे पाहिलं की शंका राहत नाही. नळी मोकळी करणं हे बहुतेक गाड्यांत थोड्या वेळाचं काम आहे. मात्र तिच्यात तार खुपसू देऊ नका. वरचा ट्रे प्लास्टिकचा असतो. खालून हलक्या दाबाची हवा किंवा व्हॅक्यूम पुरतो.

पावसाच्या पाण्याला मात्र एक वाट नसते, अनेक असतात. पहिला संशय घ्यायचा तो वायपरखालच्या जाळीचा. समोरच्या काचेवरून ओघळणारं पाणी या जाळीखालच्या पन्हाळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे निघून जातं. आता गाडी कडुनिंबाखाली लावायची सवय आठवा. उन्हाच्या गावात ती सावली कुणी सोडत नाही आणि सोडावी असंही मी म्हणणार नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पानं गाळतो, ती बारीक पानं जाळीतून खाली जातात, उन्हाळाभर वाळून चुरा होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याचा लगदा भोकांवर बसतो. पन्हाळ भरली की पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून थेट आत, डाव्या पायाशी. मे महिन्यात जाळीखालचा पाला काढून भोकांत तांब्याभर पाणी ओतून बघा. दोन्ही चाकांमागे ते पडलं पाहिजे.

दुसरी वाट दारातून, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दाराच्या काचेला लागून पाणी दाराच्या आत जातंच, ते तसंच बनवलेलं असतं. दाराच्या तळाला भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं. आतल्या बाजूला, पॅडच्या मागे, एक प्लास्टिकचा पडदा डांबरासारख्या चिकट पट्टीनं बसवलेला असतो. तो पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडोचं काम करताना हा पडदा ओढून काढतात आणि परत नीट चिकटवत नाहीत, कधी फाडूनच टाकतात. मग दार बंद, बीडिंग नवीन, तरी उंबऱ्यावरून पाणी आत. दारांत कधी काही बसवून घेतलं असेल आणि ओल त्यानंतरच्या पावसाळ्यात सुरू झाली असेल, तर बीडिंगवर एक रुपया घालायच्या आधी हा पडदा बघायला सांगा. तळाची भोकं चिखलानं बुजली असतील तर दार उघडताना आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो.

बाकीच्या वाटा थोडक्यात: समोरची काच बदलली असेल तर तिचं सीलंट, सनरूफ असेल तर खांबांतून खाली येणाऱ्या त्याच्या नळ्या (छताच्या कापडावर डाग दिसतो), आणि डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांचे रबर. स्टेपनी उचलून खड्डा बघणं हे दर पावसाळ्यात एकदा व्हायलाच हवं.

वास कार्पेटचा की एसीच्या कॉइलचा, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण मात्र वासाची वेळ. गाडी उन्हात तापून उभी होती, दार उघडलं आणि एसी लावायच्या आधीच वास आला, तर तो खालच्या कार्पेटचा. दार उघडताना काही नाही, ब्लोअर लावल्याबरोबर डॅशबोर्डच्या जाळीतून आंबट, ओल्या मोज्यांसारखा झोत आला आणि थोड्या वेळानं कमी झाला, तर तो कॉइलवरच्या बुरशीचा आणि जंतूंचा. अशा वेळी मॅट कोरडीही असू शकते. म्हणजे नळी ठीक आहे, पण कॉइल साफ करून फिल्टर बदलायला हवा. मुक्कामाला पोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉइल कोरडी होते आणि हा वास परत धरत नाही.

खात्री करायची तर दोन्ही पाणी वेगळं करून तपासावं लागतं. मॅट काढा, कार्पेटवर कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. पाऊस नसलेल्या दिवशी तुळजापूरला जाऊन या, एसी पूर्ण वेळ लावून. कागद भिजला आणि वळणांवर डॅशबोर्डखाली खळखळ आली, तर एसीचं पाणी. दुसऱ्या दिवशी एसी न लावता गाडीवर पाइपनं पाणी सोडा. सुरुवात दाराच्या खालच्या भागापासून, मग वायपरची जाळी, मग काच, शेवटी छत. वरून सुरू केलं तर सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. धार साधी ठेवा, वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप चांगल्या बीडिंगमधूनही पाणी घुसवतो. आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं हवं.

बोट लावल्यावर पाणी चिकट लागलं, गोडसर वास आला, रंग हिरवा किंवा लाल दिसला, तर ही दोन्ही प्रकरणं सोडा. ते हीटरच्या कॉइलमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. आपण हीटर लावत नसलो तरी बऱ्याच गाड्यांत कूलंट त्या कॉइलमधून फिरत असतं. कूलंटची पातळी बघा आणि गाडी दामटू नका, इंजिन तापेल.

आणि कधी कधी गळती कुठंच नसते. पंढरपूरला चंद्रभागेत स्नान करून ओले टॉवेल पिशवीत बांधून डिकीत टाकले, मागच्या सीटवरची चादर वर्षभर धुतली नाही, तर ओल आपणच आणलेली असते.

कारण सापडून बंद झालं की मग वाळवणं. वरचं कार्पेट हाताला कोरडं लागतं, पण खालचा जाड फोम भिजलेलाच असतो. गुडघा टेकवून दाबा, वर पाणी येतं. सीट काढून कार्पेट उचलल्याशिवाय तो वाळत नाही. सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्या माहीतगाराकडूनच सोडवून घ्या. आपल्या उन्हात फोम एक-दोन दिवसांत खडखडीत होतो, पण काचा बंद ठेवून नाही. बंद गाडीत पाण्याची वाफ होते आणि रात्री तीच परत काचेवर आणि कापडावर बसते. चारही दारं उघडी, घरातला टेबल फॅन आत, आणि कार्पेट बाहेर गच्चीवर. फोम पूर्ण सुकल्यावरच त्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा. ओल्या फोमवर टाकलेल्या सोड्याचा नुसता लगदा होतो आणि तो काढणं हे आणखी एक काम होऊन बसतं.