जॉनी कॅश यांनी तुरुंगवास भोगला होता का?

अमेरिकी कंट्री गायक आणि गीतकार जॉनी कॅश यांनी तुरुंगात शिक्षा भोगली होती आणि ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणे त्यांना कोठडीतच सुचले, ही गोष्ट कित्येक दशके सांगोवांगी पसरत आली असली तरी ती खरी नाही. त्यांना अनेकदा अटक झाली, पण कोठडीतला मुक्काम फार तर एखाद्या रात्रीचा असे. १९६५ साली टेक्सासमधील एल पासो येथे गिटारच्या पेटीत दडवलेल्या औषधांच्या शेकडो गोळ्यांसह ते पकडले गेले, तेव्हाही प्रकरण दंड आणि स्थगित शिक्षेवर मिटले.

गाणे तर त्याहून जुने आहे. हवाई दलाच्या नोकरीत जर्मनीतील लान्ड्सबेर्ग येथे असताना त्यांनी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगावरचा चित्रपट पाहिला, त्यातून ते आकाराला आले आणि १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये ध्वनिमुद्रित झाले. न भोगलेले दुःख इतक्या खरेपणाने मांडणे हे गीतकाराचे श्रेय आहे, आणि या दंतकथेने नेमके तेच हिरावून घेतले आहे.

गैरसमजाला खतपाणी मिळाले ते १३ जानेवारी १९६८ रोजी फॉल्सममध्येच झालेल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेमुळे. गाण्यातील, रेनो शहरात एका माणसाला गोळी घातल्याच्या ओळीनंतर त्यात कैद्यांचा जल्लोष ऐकू येतो. तो मात्र नंतर स्टुडिओत जोडलेला आहे.

कंट्री संगीतात खरी शिक्षा भोगली ती गायक मर्ल हॅगार्ड यांनी, आणि सॅन क्वेंटिन तुरुंगातला कॅश यांचा कार्यक्रम त्यांनी कैद्यांमध्ये बसून ऐकला होता.