मोझांबिक: वाढतं तापमान, चक्रीवादळं आणि पूर

मोझांबिक हा आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा देश. समोर मादागास्कर बेट, मधे समुद्राचा उबदार पट्टा, जवळपास अडीच हजार किलोमीटरचा किनारा आणि राजधानी मापुटो. पोर्तुगीज वसाहत होती, १७५२ पर्यंत तर इथला कारभार गोव्यातूनच चालायचा. हवामान बदलाचा फटका ज्या देशांना सगळ्यात जास्त बसतोय त्यात याचं नाव कायम वरच असतं, २०१९ सालासाठीच्या जर्मनवॉच या संस्थेच्या जागतिक यादीत तर हा पहिल्या नंबरवर होता.

तापमानाचं आधी सांगतो. १९६० ते २००६ या काळात इथलं सरासरी तापमान साधारण ०.६ अंशांनी वाढलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण उकाड्याचे दिवस वाढले आणि त्याहून जास्त उकाड्याच्या रात्री वाढल्या, म्हणजे पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला रात्रीसुद्धा सुटका नाही. दक्षिणेकडच्या गाझा, इन्यांबाने भागात दुष्काळ नेहमीचाच, २०१५-१६ आणि २०२३-२४ या दोन्ही एल निनोच्या वर्षांत मक्याचं पीक उभ्या उभ्या करपलं. इथलं रोजचं जेवण म्हणजे शिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, त्यामुळे मका गेला की ताटच रिकामं. आणि बहुतेक शेती पावसावरची, हाताने कुदळ मारून केलेली. तिला तिथे माशांबा म्हणतात.

पण या देशाचं खरं दुखणं पाणी आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या १५ आंतरराष्ट्रीय नदीखोऱ्यांपैकी ९ खोरी मोझांबिकमधून जातात, झांबेझी, लिंपोपो, सावे वगैरे, आणि जवळपास सगळीकडे हा देश नदीच्या शेवटच्या टोकाला. म्हणजे पाऊस झिंबाब्वेत पडला, धरणाचे दरवाजे शेजारच्या देशाने उघडले, तरी पूर इथे येतो. २००० सालच्या पुरात साधारण ७०० माणसं गेली, लिंपोपोच्या काठी लोक झाडांवर चढून बसले होते, त्यातली एक बाई तिथेच झाडावर बाळंत झाली आणि हेलिकॉप्टरने आई आणि बाळ दोघींना उचलून आणलं. ही गोष्ट तेव्हा जगभर पोचली.

चक्रीवादळाला ताकद मिळते ती गरम समुद्रातून, पाण्याचं तापमान साधारण २६.५ अंशांच्या वर गेलं की. मोझांबिक आणि मादागास्करच्या मधल्या सामुद्रधुनीतलं पाणी उन्हाळ्यात (तिथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते मार्च) याच्या सहज वर असतं, समुद्र तापत चाललाय तसं वादळाला इंधन जास्त मिळतं आणि गरम हवा बाष्पही जास्त धरते, त्यामुळे पाऊस जास्त कोसळतो. वादळांची संख्या किती वाढली यावर वाद घालता येईल, पण ती जास्त पाऊस घेऊन येतात हे शास्त्रज्ञांनी २०२२ च्या आना वादळाचा अभ्यास करून दाखवलंय.

मार्च २०१९ चं इडाई चक्रीवादळ हे या सगळ्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. ते आधी साधा कमी दाबाचा पट्टा म्हणून किनाऱ्यावर आलं, पाऊस पाडून गेलं, परत समुद्रात शिरलं, तिथे जोर धरला आणि १४ मार्चच्या रात्री बेइरा शहरावर आदळलं. बेइरा पुंगवे नदीच्या मुखाशी, सखल, बराचसा भाग समुद्रसपाटीलाच. वाऱ्याने पत्रे उडाले, वीज गेली, फोन गेले, पण माणसं जास्त मारली ती नंतरच्या पाण्याने. पुंगवे आणि बूझी दोन्ही नद्या एकत्र पसरल्या आणि आत जमिनीवर समुद्र झाला, उपग्रहाच्या फोटोत तो स्पष्ट दिसत होता. बूझी गावात लोक घरांच्या छपरांवर आणि मैदानाच्या स्टँडवर दिवसेंदिवस बसून राहिले. एकट्या मोझांबिकमध्ये ६०० च्या वर मृत्यू, १८ लाखांहून जास्त लोकांना झळ, सात लाख हेक्टरच्या वर पीक पाण्यात, तेही कापणी अगदी तोंडावर आलेली असताना. मागून कॉलरा आला, एप्रिलमध्ये लाखो लोकांना तोंडावाटे लस द्यावी लागली. त्या वेळी प्रशिक्षणासाठी निघालेली आयएनएस सुजाता, आयएनएस शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी ही भारतीय जहाजं जवळच होती, ती वळून बेइराला गेली आणि परदेशी मदतीत सगळ्यात आधी पोचलेल्यांमध्ये होती.

जेमतेम सहा आठवडे झाले तोवर २५ एप्रिलला उत्तरेत काबो देल्गादोला केनेथ आलं. एका हंगामात दोन मोठी चक्रीवादळं, हे इथल्या नोंदीत पहिल्यांदाच. मग २०२१ ला एलोइज परत बेइरावरच, २०२२ ला आना आणि गोंबे, २०२३ ला फ्रेडी, जे ऑस्ट्रेलियाजवळ तयार होऊन अख्खा हिंदी महासागर ओलांडून आलं, मोझांबिकवर दोनदा आदळलं आणि ३६ दिवस टिकलं, हा जागतिक हवामान संघटनेने मान्य केलेला विक्रम आहे. डिसेंबर २०२४ ला चिडो. मला वाटतं यातली सगळ्यात वाईट गोष्ट एखाद्या वादळाचा जोर ही नाही, दोन वादळांमधलं अंतरच उरलेलं नाही ही आहे. घरावर पत्रे परत चढवायचे, बियाणं उसनं आणायचं, शाळेला छप्पर घालायचं, आणि ते होईपर्यंत पुढचं दारात.

पैशाचं तर फारच वाईट. इडाई आणि केनेथनंतर उभारणीसाठी ३.२ अब्ज डॉलर लागतील असा हिशोब निघाला, बेइरातल्या देणगीदारांच्या परिषदेत १.२ अब्जांची आश्वासनं मिळाली, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ११८ दशलक्ष डॉलर दिले ते कर्ज म्हणून, बिनव्याजी असलं तरी कर्जच. या देशाचं माणशी कार्बन उत्सर्जन वर्षाला अर्ध्या टनापेक्षाही कमी आहे. ज्याने धूर जवळपास केलाच नाही त्याने नुकसान सोसायचं आणि वर हप्तेही फेडायचे, हा सरळसरळ अन्याय आहे.

आपला संबंध डाळीपुरता तरी थेट आहे, २०१६ च्या करारापासून मोझांबिकची तूर भारतात नियमित येते, आणि ती पिकवणारे बहुतेक लहान शेतकरीच.

उपाय होतायत, नाही असं नाही. गावोगावी आपत्ती समित्या आहेत, त्या रेडिओ ऐकतात, रंगीत झेंडे लावतात, भोंगा घेऊन वस्तीत फिरतात. बेइरात चिवेवे नदीचं पात्र मोकळं करून काठाने तिवरं लावली, पाणी साठायला जागा केली. पण समुद्राला लागून असलेल्या प्राया नोव्हा वस्तीत मासेमारी करणारे अजून वाळूवरच राहतात कारण होड्या तिथे, बाजार तिथे. बूझीच्या लोकांना उंचावर ग्वारा-ग्वाराला जागा दिली, तरी गाळाची चांगली जमीन खाली नदीकाठीच आहे, म्हणून माशांबा कसायला लोक परत खाली उतरतात.