मरीन सर्व्हेयर : क्लासचा की क्लेमचा?

'मरीन सर्व्हेयर व्हायचंय' असं कुणी म्हटलं की आधी विचारावं लागतं, कोणता? बंदराच्या धंद्यात या एका नावाने दोन वेगळी माणसं वावरतात. दोघांच्या अंगात बॉयलर सूट, डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च. पण एकजण क्लासचा, दुसरा क्लेमचा. त्यांची शिक्षणाची वाट वेगळी, पगार देणारा वेगळा आणि जहाजाकडे बघण्याची नजर तर अगदीच वेगळी.

क्लासचा सर्व्हेयर वर्गीकरण संस्थेचा, म्हणजे जहाज तपासून त्याला 'क्लास' हा दर्जाचा दाखला देणाऱ्या संस्थेचा, पगारी नोकर असतो. आपल्याकडची संस्था म्हणजे १९७५ साली स्थापन झालेली, पवईला मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. 'हे जहाज नियमात बसतं का?' एवढंच त्याला बघायचं असतं. पाच वर्षांचं चक्र असतं : दरवर्षी वार्षिक तपासणी, मधल्या टप्प्यावर जरा खोलात जाणारी तपासणी, पाचव्या वर्षी सगळं उघडून नूतनीकरण. पाच वर्षांत दोनदा जहाजाचा तळ बघावा लागतो. पत्रे गंजून किती झिजले ते अल्ट्रासोनिक गेजने मोजतात. पत्रा मुळात १४ मिलिमीटरचा असेल आणि त्या भागात २० टक्के झीज चालत असेल, तर ११.२ च्या खाली गेला की तो बदलायचा. मालकाने कितीही गळ घातली तरी. दुरुस्ती राहून गेली तर मुदत घालून अट नोंदवतात; ती पाळली नाही तर क्लास निलंबित होऊ शकतो.

क्लेमचा सर्व्हेयर, कागदावर 'सर्व्हेयर अँड लॉस असेसर', नुकसान झाल्यावर येतो. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ यूएमनुसार ठरावीक रकमेपुढचा क्लेम परवानाधारक सर्व्हेयरच्या अहवालाशिवाय निकाली निघत नाही. मोटरसाठी ही रक्कम ५० हजार, बाकी विम्यांसाठी १ लाख. त्याला नेमते विमा कंपनी, फीही तीच देते, पण अहवाल स्वतंत्र असावा अशी कायद्याची अपेक्षा. इथे नवख्यांची एक गैरसमजूत असते, की क्लेम सर्व्हेयरच मंजूर करतो. ते त्याच्या हातात नसतं. तो नुकसानीचं कारण आणि रक्कम सांगतो. पैसे द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे कंपनी ठरवते आणि अहवालापेक्षा वेगळी रक्कमही देऊ शकते.

दोघांतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो एकाच जहाजावर दोघे आले की. समजा जहाज धक्क्याला आदळलं आणि बाजूचे पत्रे आत गेले. क्लासचा म्हणतो, हे बारा पत्रे बदला, त्याशिवाय निघायचं नाही. क्लेमचा त्याच बारांपैकी पाच वेगळे काढतो : हे आदळल्याने वाकलेले नाहीत, जुन्या गंजाने झिजलेले आहेत आणि झीज हल पॉलिसीत, म्हणजे खुद्द जहाजाच्या विम्यात, येत नाही. उरलेल्या सातांचा खर्च मात्र प्रचलित इन्स्टिट्यूट टाइम क्लॉजेसप्रमाणे (जहाज विम्याच्या ठरलेल्या अटी) 'जुन्याला नवं' अशी, म्हणजे जुन्या पत्र्याऐवजी नवा मिळाला म्हणून करायची, कपात न करता मोजला जातो. मोटरच्या क्लेमची सवय असलेला माणूस इथे हमखास घसारा कापून बसतो.

कार्गोचं, म्हणजे जहाजातल्या मालाचं, काम याहून बारीक. न्हावाशेव्याच्या आसपासच्या सीएफएसमध्ये (कंटेनर ठेवण्या-उघडण्याच्या गोदामांत) पावसाळ्यात भिजलेले कार्टन निघाले की आधी बंद दरवाजाचा आणि सीलचा नंबरासकट फोटो, तो नंबर बिल ऑफ लेडिंगशी, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीशी, ताडायचा, मगच सील कापायचं. माल उतरवल्यावर आत उभं राहून दरवाजे बंद करून घ्यायचे. छपराला भोक असेल तर उजेडाची टाचणी दिसते. ओल्या पुठ्ठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. दुधाळ पांढरा साका आला तर क्लोराइड आहे, बहुधा समुद्राचं पाणी. आला नाही तर पावसाचं, किंवा कंटेनरला आतून सुटलेल्या घामाचं. खारवलेल्या मालावर ही चाचणी फसते, तिथे तिच्यावर विसंबू नये. आणि या दोन थेंबांवर बरंच काही अवलंबून असतं : मालाच्या विम्याच्या ठरलेल्या अटींचे, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसचे, ए, बी, सी असे तीन प्रकार असतात; बी असेल तर कंटेनरमध्ये शिरलेलं समुद्राचं पाणी धरलं जातं, पावसाचं नाही. सी असेल तर दोन्ही नाही. ए मध्ये दोन्ही बसतात, पण मालाच्याच ओलाव्याने घाम सुटला असेल तर तो मालाचा अंगचा दोष ठरून क्लेम अडकतो.

रक्कम काढतानाही चूक ठरलेली. माल ४० लाख सीआयएफचा (किंमत, विमा आणि भाडं धरून), त्यावर १० टक्के धरून विमा ४४ लाखांचा. चांगल्या स्थितीत इथे ५० लाखांना गेला असता, भिजल्यावर ४० लाखांना गेला. तोटा १० लाख दिसतो म्हणून क्लेम १० लाख, असं नाही. माल २० टक्के उतरला, म्हणून ४४ लाखांच्या २० टक्के, म्हणजे ८ लाख ८० हजार. एक्सेस, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायची रक्कम, असेल तर तो त्यातून वजा.

नावाच्या गोंधळात 'लॉइड्स'चाही वाटा आहे. लॉइड्स रजिस्टर ही १७६० ची वर्गीकरण संस्था आणि लॉइड्स ऑफ लंडन हा विम्याचा बाजार. दोघांचं मूळ एडवर्ड लॉइडच्या कॉफीखान्यात, बाकी संबंध नाही. अर्ज करताना उमेदवार एकाचं पत्र दुसऱ्याला पाठवतात, यात नवल नाही.

आता शिरायचं कसं? क्लासकडे जायचं तर नेव्हल आर्किटेक्चरची पदवी, किंवा मरीन इंजिनिअर म्हणून जहाजावर काढलेली वर्षं आणि वरच्या दर्जाचं सक्षमता प्रमाणपत्र.  पगार पहिल्या महिन्यापासून.

क्लेमच्या बाजूला दार जास्त रुंद : अभियांत्रिकी पदवी, सीए, कॉस्ट अकाउंटंट, विम्यातली मान्य पदवी किंवा पदविका. हल करायचं असेल तर मात्र जहाजाशी संबंधित शिक्षणच लागतं. क्रम असा : हैदराबादच्या सर्व्हेयर्स संस्थेचं, म्हणजे आयआयआयएसएलएचं विद्यार्थी सदस्यत्व, परवानाधारक सर्व्हेयरच्या हाताखाली बारा महिन्यांचं प्रशिक्षण, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा, मग आयआरडीएआय या विमा नियामकाकडून परवाना. हातात महागडी 'मरीन सर्व्हे' पदविका आहे म्हणून यातली पायरी गळत नाही. परवान्यानंतर काम फीवर. पहिली दोन-तीन वर्षं छोट्या क्लेमची आणि रिकाम्या दिवसांची, हे धरूनच चालावं. हे नको असेल तर विमा कंपनीच्या क्लेम विभागातली नोकरी हा तिसरा, शहाणा पर्याय आहे. तिथे इतरांचे अहवाल वाचूनच हात बसतो.

आणि ज्याच्या हाताखाली वर्ष काढणार त्याच्या परवान्यावर मरीन कार्गो किंवा मरीन हल हा विभाग आहे का, ते नोंदणीआधी बघून घ्या. मोटरच्या सर्व्हेयरकडे काढलेलं वर्ष मरीनच्या खात्यात धरलं जात नाही.